आवृत्तीचे नाव कुठपर्यंत चालवावे?

शिरपूर परिसरातील चार तरुण मित्रांनी दूध संकलन केंद्रांसाठी एक मुक्त स्रोत प्रणाली तयार केली आहे. सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता दुधातील इतर घन घटक) नोंदवून दर दहा दिवसांनी उत्पादकाचे बिल काढणे, हे तिचे काम. पहिल्या चार आवृत्त्यांना त्यांनी सातपुड्यातील झाडांची नावे दिली: पळस, अंजन, मोह आणि साग. आता पाचवी येऊ घातली आहे आणि चौघांत दोन मते पडली आहेत. दोघांना नावे चालू ठेवायची आहेत, तर उरलेल्या दोघांचे म्हणणे असे की नावांची हौस पुरे झाली, यापुढे फक्त क्रमांक असावा. मी बावीस वर्षे जळगावात राहून जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कापूस गिरण्या), केळीचे व्यापारी आणि पतसंस्था यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहीत आलो आहे, म्हणून त्यांनी मला विचारले आहे की नावे देत राहावे की थांबवावे.

त्या चौघांना उद्देशून माझे उत्तर असे आहे की आवृत्ती तयार होत असताना तिला नाव अवश्य असावे, परंतु ती वापरणाऱ्याच्या हाती गेल्यानंतर तिची ओळख चढत्या आकड्यानेच व्हावी, आणि संगणकाने तर कोणताही निर्णय नावावरून कधीच घेऊ नये. या मतापर्यंत मी सहज आलेलो नाही, कारण नावांची आवड मलाही होती आणि आजही आहे.

आमच्या जिनिंगच्या प्रणालीच्या आवृत्त्यांना आम्ही खानदेशातील नद्यांची नावे देत असू. पहिली तापी, मग गिरणा, पांझरा आणि वाघूर. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात निळ्या अक्षरांत ते नाव दिसे आणि गिरणीमालकांनाही ते आवडत असे. क्रमांक मात्र आम्ही कुठेच दाखवला नव्हता, आणि खरी चूक तीच होती. दिवाळीनंतरच्या ऐन हंगामात बोदवडकडच्या एका गिरणीतून मुनिमांचा फोन आला की काटा पावतीची छपाई अडते आहे. फोन घेणारा मुलगा आमच्याकडे नवा होता, मूळचा धुळ्याचा. त्याचे सारे शिक्षण पांझरा आवृत्तीवर झालेले. त्याने विचारले, “अण्णा, पडद्यावर कोणतं नाव दिसतंय?” मुनीम म्हणाले, “वाघूर लिखेल शे, भाऊ. आते हाई नवं का जुनं, ते तूच सांग.” त्या मुलाला वाटले की पांझरा ही नवी, आणि त्याने वाघूरवर पांझराचे अपडेट चढवले.

कापसाची गाडी काट्यावर दोनदा येते. आधी भरलेले वजन होते, मग आवारात कापूस उतरवून रिकाम्या गाडीचे वजन होते, आणि दोन्हींतील फरकावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. पांझरा आवृत्तीत ही दोन्ही वजने एकाच नोंदीत राहत. एखादी गाडी दोन फेऱ्यांत रिकामी होते तेव्हा ती रचना अपुरी पडू लागली, म्हणून वाघूरमध्ये आम्ही प्रत्येक वजनाची वेळेसह स्वतंत्र नोंद ठेवली होती. जुना प्रोग्राम नव्या माहितीवर बसला आणि त्याला भरलेली वजने दिसेनाशी झाली. तीसेक गाड्या आवारात रिकाम्या होऊन उभ्या होत्या, त्यांच्या भरलेल्या वजनाचा पडद्यावर पत्ता नव्हता, आणि थंडीत मफलर गुंडाळून बसलेले शेतकरी काटा घराच्या खिडकीशी येऊन पुन्हा पुन्हा विचारत होते. मुनिमांनी कच्च्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या म्हणून कोणाचे नुकसान झाले नाही. आम्ही रात्री बॅकअपवरून माहिती पूर्ववत केली आणि पहाटे शेवटची गाडी गेली. त्या मुलाला मी बोल लावला नाही. वाघूर आणि पांझरा या दोन शब्दांत आधीचा कोण आणि नंतरचा कोण हे सांगणारे काहीही नव्हते. त्याला ते कळले नाही आणि आमच्या इन्स्टॉलरलाही (संगणकावर प्रणाली बसवणाऱ्या प्रोग्रामलाही) कळले नाही, कारण माहितीच्या साठ्यात आम्ही आवृत्तीची खूण म्हणून तेच नाव लिहून ठेवले होते.

या प्रसंगावरून नावे टाकूनच द्यावीत असा निष्कर्ष काढला, तर तोही घाईचा ठरेल. मोठ्या प्रकल्पांत नावे का आली, हे आधी पाहिले पाहिजे. डेबियन या मुक्त स्रोत लिनक्स प्रणालीची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. १९९५च्या अखेरीस डेबियनची १.० ही आवृत्ती अजून तयार व्हायची होती, पण एका सीडी विक्रेत्याने सर्व्हरवरील अर्धवट काम उचलून १.० म्हणून विकले. लोकांच्या हाती मोडकी प्रणाली गेली आणि प्रकल्पाला तो क्रमांकच सोडून द्यावा लागला. १९९६मध्ये पहिली अधिकृत आवृत्ती आली ती १.१ म्हणून, आणि तिचे नाव होते ‘बझ’. त्या काळात डेबियनची धुरा वाहणारे ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरी करत होते, त्यामुळे नावे ‘टॉय स्टोरी’तल्या खेळण्यांची आली आणि ती प्रथा आजही चालू आहे. त्यामागची गरज मात्र पूर्णपणे व्यवहारी होती. तयार होत असलेल्या कामाचे फोल्डर क्रमांकाने ओळखले, तर पाहणाऱ्याला ते तयार झाल्यासारखे वाटते. पाळण्यातल्या नावाने ओळखले, तर तसा गैरसमज होत नाही. जी शाखा कायमच अस्थिर असते तिला त्यांनी ‘सिड’ म्हटले, म्हणजे त्या कथेतला खेळणी मोडणारा मुलगा. नावातच सावधगिरीची सूचना आली.

दुसरे उदाहरण उबुंटू या लिनक्स प्रणालीचे. तिथे क्रमांक म्हणजे प्रकाशनाचे वर्ष आणि महिना. २००६च्या एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती ६.०४ ठरली असती, पण काम पुरे न झाल्याने ती १ जूनला आली आणि क्रमांक ६.०६ झाला. त्या काळात लिहिली गेलेली टिपणे, दोषांच्या नोंदी आणि चाचण्यांच्या फाइली मात्र कोणालाही बदलाव्या लागल्या नाहीत, कारण त्या सगळीकडे ‘डॅपर’ हा शब्द होता. तारीख पुढे ढकलली की क्रमांक बदलतो, नाव बदलत नाही. ज्याने एखाद्या आवृत्तीची तारीख दोनदा पुढे ढकलली आहे त्याला या सोयीची किंमत कळते. (आम्ही एकदा तीनदा ढकलली होती, आणि पतसंस्थांना पाठवलेल्या पत्रांत तीन वेगवेगळे क्रमांक गेले होते.)

नावाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो आपल्या चौघांना पुढे कधीतरी लागेल. डेबियनवर चालणाऱ्या यंत्राने सॉफ्टवेअर कोठून घ्यायचे हे ज्या फाइलीत लिहिलेले असते, तिथे ‘स्टेबल’ असा शब्द लिहिता येतो किंवा ‘बुलसाय’, ‘बुकवर्म’ असे आवृत्तीचे नाव लिहिता येते. ‘स्टेबल’ हे पद आहे. त्या पदावर आज एक आवृत्ती बसते, दोन-एक वर्षांनी दुसरी. ज्यांनी ‘स्टेबल’ लिहून ठेवले होते त्यांच्या यंत्रांना २०२३च्या जूनमध्ये बुलसायच्या जागी बुकवर्म दिसू लागले, आणि नेहमीचे छोटे अपडेट समजून पुढे गेलेल्यांच्या पदरी अख्खी नवी प्रणाली पडली. नाव लिहिणाऱ्यांची यंत्रे जिथे होती तिथेच राहिली. म्हणजे एकाच वेळी दोन-तीन आवृत्त्या जिवंत असतील, प्रत्येकीला स्वतंत्रपणे दुरुस्त्या जात असतील, तर नाव हा पक्का पत्ता होतो. अशा प्रकल्पांनी नावे जरूर ठेवावीत. आपल्या प्रणालीची मात्र नवी आवृत्ती आली की जुनी बंद होते. पत्ता एकच असल्यावर त्याला पाटी लावण्याची निकड राहत नाही.

नाव कमी पडते ते क्रम सांगण्यात. यावर वर्णानुक्रमाचा उपाय पुष्कळांनी करून पाहिला आहे आणि तो काही काळ चालतोही. उबुंटूची वर्णमाला २०१७मध्ये संपली. ‘झेस्टी’नंतर ‘आर्टफुल’ आले आणि अक्षरांवरून नवे-जुने ठरवणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या (आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) दृष्टीने सर्वांत नवी आवृत्ती सर्वांत जुनी झाली. ओपनस्टॅक या क्लाउड प्रणालीने २०१०मध्ये ‘ऑस्टिन’पासून सुरुवात केली, २०२२मध्ये ‘झेड’वर ती माळ संपली, आणि पुढच्या आवृत्तीपासून त्यांनी २०२३.१ असा वर्षावर आधारलेला क्रमांक पुढे केला. ‘अँटेलोप’ हे नाव राहिले, पण क्रम सांगण्याचे काम आकड्याकडे गेले. देवनागरीत तर वर्णानुक्रम आपल्यातल्याच पुष्कळांना चटकन सांगता येत नाही. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कोठे बसवायचे यावर आमच्या कार्यालयातच अर्धा तास गेला होता.

अँड्रॉइडचा अनुभव खानदेशातल्या वाचकाला जवळचा वाटेल, कारण तो प्रत्येकाच्या खिशात आहे. २००९च्या ‘कपकेक’पासून ‘पाय’पर्यंत गोड पदार्थांची नावे चालली आणि २०१९मध्ये १० या आवृत्तीपासून ती लोकांसमोर वापरणे बंद झाले. ही नावे जगभर सर्वांना कळत नाहीत, काही भाषांत ल आणि र यांचे उच्चार वेगळे ओळखू येत नाहीत आणि पाय हा पदार्थ सगळीकडे गोड मानला जात नाही, अशी कारणे गूगलने त्या वेळी दिली. यावल-रावेरच्या केळीबागेत नूगा कोणी खाल्लेला नाही, तेव्हा मार्शमॅलो आधी की नूगा आधी हे तिथल्या माणसाने कसे सांगावे? आत काम करणारे अभियंते मात्र नावे वापरतच राहिले. १३ या आवृत्तीला ते ‘तिरामिसू’ म्हणत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अँड्रॉइडमध्ये एक तिसरी ओळख आहे, आणि ती म्हणजे साधा पूर्णांक. ‘पाय’साठी तो २८ आहे, १०साठी २९, १३साठी ३३. एखादे ॲप कोणत्या फोनवर चालेल हे ठरवताना प्रणाली पदार्थाचे नाव पाहत नाही, हा आकडा पाहते. वाघूरच्या प्रसंगानंतर आम्ही हेच केले. माहितीच्या साठ्यात ‘मांडणी क्रमांक’ नावाचा एक पूर्णांक ठेवला, साठ्याची रचना बदलली की तो एकाने वाढतो, आणि इन्स्टॉलर आधी तो वाचतो. येणारा आकडा साठ्यातल्या आकड्यापेक्षा लहान असेल तर इन्स्टॉलर काम थांबवतो आणि कारण मराठीत सांगतो. हा चार ओळींचा कोड आहे. तो आपण आजच लिहावा, नावांचा निर्णय काहीही होवो.

ॲपलच्या मॅकचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे, कारण नावांवर इतके प्रेम करणारा उद्योग दुसरा नसेल. आधी वाघ-बिबट्यांच्या कुळातील नावे झाली, २०१३पासून कॅलिफोर्नियातील स्थळांची नावे आली. तरीही २०२५मध्ये त्यांनी १५नंतर एकदम २६ हा आकडा घेतला, म्हणजे येणाऱ्या वर्षाचा, आणि आपल्या सर्व उपकरणांच्या प्रणालींना तोच दिला. ‘टाहो’ हे नाव राहिले. पण व्हेंचुरा, सोनोमा आणि सिकोया यांतील अनुक्रम वापरणाऱ्याने पाठ करावा, ही अपेक्षा त्यांनाही धरवली नाही.

आता मराठी नावांपुरती एक अडचण, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पडद्यावर पांझरा हे देवनागरीत लिहिताना काही प्रश्न येत नाही. पण फोल्डर, गिटमधील (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील) टॅग आणि फाइलींची नावे रोमनमध्ये असतात, आणि पांझरा रोमनमध्ये किमान तीन प्रकारे लिहिली जाते. कोणी झेड घालतो, कोणी जे, कोणी जे आणि एच. आमच्या सर्व्हरवर एका काळी एकाच आवृत्तीची दोन फोल्डर तयार झाली होती, एक झेडवाले आणि एक जेवाले, आणि अर्ध्या दुरुस्त्या एकात तर अर्ध्या दुसऱ्यात जात होत्या. दोन आठवडे ते कोणाच्या लक्षात आले नाही. फेडोरा या लिनक्सच्या १९व्या आवृत्तीचे नाव ‘श्रोडिंजरचे मांजर’ अशा अर्थाचे होते. त्यात ‘ओ’वर दोन टिंबे होती आणि एक अपॉस्ट्रॉफी होता, आणि त्या दोन चिन्हांनी कितीतरी स्क्रिप्ट अडवल्या. २०व्या आवृत्तीनंतर फेडोराने नावे थांबवली आणि केवळ क्रमांकावर तो प्रकल्प उत्तम चालला आहे. आपल्या ‘मोह’ची रोमन रूपे आपण चौघांनी वेगवेगळी लिहिली असणार, हे मी न पाहता सांगतो.

क्रमांकही आपोआप निर्दोष होत नाही, हे नावाविरुद्ध बोलणाऱ्या दोघांना मला सांगायचे आहे. एका पतसंस्थेत आम्ही २.१० ही आवृत्ती बसवली. तिथल्या व्यवस्थापकांचा दुसऱ्या दिवशी फोन आला की दुसऱ्या शाखेत २.९ आहे आणि आम्हाला मात्र जुनी २.१ दिली आहे. आयुष्यभर रुपये-पैशांत काम केलेल्या माणसाने दशांश चिन्ह पाहिले की तो त्याचा दशांशच वाचणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. वर्षाचा क्रमांक द्यावा तर हिशेब ठेवणारा माणूस त्यात आर्थिक वर्ष वाचतो. २०१८.१ पाहून आम्हाला विचारले गेले की हे १८-१९चे की १७-१८चे. म्हणून हिशेबाशी संबंधित सॉफ्टवेअरला मी आता एकच साधा पूर्णांक देतो, आणि त्याखाली प्रकाशनाची पूर्ण तारीख. सुसंगतता दाखवणारे तीन भागांचे क्रमांक इतर प्रोग्रामरांसाठी लिहिलेल्या लायब्ररीला (तयार कोडच्या संचाला) योग्य आहेत, दूध मोजणाऱ्या माणसाला त्यांचा काही उपयोग नाही.

लोक शेवटी स्वतःच्या सोयीचे नाव घेतात, हेही लक्षात ठेवावे. आमच्याकडची ‘ग्रँड नैन’ केळी बागेत ‘जी-नाईन’ झाली आहे. उलट ‘लोक-१’ हा गव्हाचा वाण. गुजरातमधील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तो तयार झाला म्हणून ‘लोक’, आणि क्रमांक एक. पण इंग्रजी ‘वन’ त्याला असा चिकटला की आज घरोघरी ‘लोकवन’ हेच गव्हाचे नाव समजले जाते. एका ठिकाणी नावाचा आकडा झाला आणि दुसऱ्या ठिकाणी आकड्याचे नाव. २०१७च्या १ जुलैपूर्वी आम्ही जी आवृत्ती दिली तिला आत ‘अनेर’ म्हणत होतो आणि पडद्यावर क्रमांक होता, पण जिल्ह्यातला एकही ग्राहक दोहोंपैकी काहीच म्हणाला नाही. सगळ्यांसाठी ती ‘जीएसटीवालं’ होती, आणि आजही फोनवर “जीएसटीवालं यायच्या आधीचं” असा उल्लेख येतो. आपण ठरवलेले नाव लोकांच्या तोंडी बसेलच, हे गृहीत धरून व्यवस्था उभारू नये.

मला जी व्यवस्था पटते तिचा नमुना आपल्या प्रत्येकाच्या घरी ट्रंकेत आहे. सातबाऱ्यावर शेताची ओळख गट क्रमांकाने होते. खरेदी, कर्ज, पीकविमा, मोजणी हे सगळे त्या क्रमांकावर चालते. पण त्याच कागदावर ‘शेताचे स्थानिक नाव’ अशी एक स्वतंत्र जागाही ठेवलेली आहे. घरातला माणूस बैल घेऊन ‘आंब्याच्या मळ्यात’ जातो, गट क्रमांकात कोणी जात नाही. दोन्ही ओळखी एका कागदावर सुखाने राहतात, कारण कोणत्या कामाला कोणती वापरायची याबद्दल संदेह नाही.

आपल्या पाचव्या आवृत्तीसाठी म्हणून माझी सूचना अशी. पळसला १, अंजनला २, मोहला ३ आणि सागला ४ असे क्रमांक मागाहून द्यावेत आणि ते एका पानावर, प्रत्येक नावाच्या ठरलेल्या एकाच रोमन रूपासह, प्रकल्पाच्या दस्तऐवजात लिहून ठेवावेत. ज्या केंद्रांवर अजून साग चालते तिथे पुढच्या छोट्या दुरुस्तीबरोबर पडद्यावर ‘आवृत्ती ४ (साग)’ असे दिसू द्यावे, म्हणजे केंद्रचालकांची सवय मोडणार नाही. पाचवीपासून पडद्यावर, बिलाच्या तळाशी आणि इन्स्टॉलरच्या फाइलीवर फक्त ‘आवृत्ती ५’ आणि तारीख असावी. केंद्रचालक फोन करतील तेव्हा पहिला प्रश्न “कोणता आकडा दिसतोय?” हा असावा, आणि तो आकडा पहिल्याच पडद्यावर, चष्मा न लावता वाचता येईल एवढा मोठा असावा. पहाटे पाचला दूध घेणारा माणूस मेनू उघडत बसत नाही.

चौघांच्या बैठकीत, गिटच्या शाखेला आणि दोषांच्या नोंदीत मात्र नाव चालू द्यावे, कारण पाचवी कधी पुरी होईल हे आज कोणालाही सांगता येणार नाही आणि तोवर तिला हाक मारायला काहीतरी हवेच. आपण ‘तिवस’ आणि ‘सलई’ अशी दोन नावे कळवली आहेत. मी सलई घेईन. तिवस रोमनमध्ये कोणी व्हीने लिहील आणि कोणी डब्ल्यूने, सलईच्या बाबतीत तो प्रश्न येणार नाही.